वैष्णवी ऊर्फ माया

लिहून ठेवणार भिमाबाई सर्जेराव ओव्हाळ, वय ६४, धंदा शिवणकाम, राहणार चौसाळा, ता. जि. बीड. गुडघे गेले, पण डोकं जागेवर आहे. कोणाचा दाब नाही. माझ्या पश्चात काय करावं ते सांगते.

१. शिलाई मशीन व कात्र्या पुतणी चैताली हिला. गिऱ्हाइकांची राहिलेली कापडं तिने ज्याची त्याला पोचवावीत.

२. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला उमापूरचे गव्हाणे आल्यास त्यांना पाणीही विचारू नये. कारण लिहिते. माझी मुलगी माया हिने त्यांच्या हनुमानशी आपल्या पसंतीने लग्न केलं. माया हे नाव मालकांनी बुद्धाच्या आईवरून ठेवलेलं. गृहप्रवेशाला हनुमानने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव काढलं, वैष्णवी. सासू जानकीबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “माया न्हाई चालायचं. अन् माहेरचं आडनाव कुनी इचारलं तर गप ऱ्हायचं.” आमच्या आडनावावरून जात कळते, दुसरं काय! माझ्या लग्नात मी मालकांना विचारलं होतं, नाव बदलायचं का? ते म्हणाले, “कावून? भिमा काय वाईट हाय?”

गेल्या पोळ्याला माया त्यांच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणतात. घरात नळ असताना ती विहिरीवर कशाला गेली, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. श्रद्धांजलीच्या फलकावरही वैष्णवीच होतं. मी तो फाडला असता, पण फोटो तिचा होता.

३. राहतं घर मायाची मुलगी आरोही हिला. ती सज्ञान होईपर्यंत माझा मुलगा संजय याने सांभाळावं, तिच्या बापाकडे किल्ली देऊ नये. संजय चेन्नईला असतो. तिकडे बऱ्याच जणांना आडनावच नसतं, नावाआधी बापाच्या नावाचं एक अक्षर लावलं की झालं. “आई, हितं जात इचारायची तर तोंड उघडावं लागतं,” असं तो म्हणतो.

आपल्याकडे आता मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावायचा नियम आला. नियम चांगला आहे. पण आरोहीच्या जन्मदाखल्यावर लिहिलंय, आरोही वैष्णवी हनुमान गव्हाणे.

मी वकिलांना म्हटलं, ‘मयत मायाची मुलगी’ लिहा. ते म्हणाले, दाखल्याशी जुळलं नाही तर पोरीच्या घरावर वाद येईल, ‘वैष्णवी ऊर्फ माया’ लिहू. ऊर्फ मी चोरांच्या बातम्यांत वाचलेलं. माझ्या पोटची लेक मागे आणि तांदळातली पुढे! माझा जीव जळाला. तरी सही करते, कारण गव्हाण्यांच्या घरात आरोहीला आईचं खरं नाव सांगणारं कोणी नाही.

सबब, आरोही ही मयत वैष्णवी ऊर्फ माया हिची मुलगी आहे. बाळा, मोठी झालीस की हा कागद स्वतः वाच. ऊर्फनंतरची ती तुझी आई.

सही: भिमाबाई सर्जेराव ओव्हाळ

आमच्यादेखत सही केली:
१. बायनाबाई सटवा डोंगरे, शेजारीण (डावा अंगठा)
२. अर्जुनराव म्हाळू वक्ते, रा. पाटोदा

बीड, दि. ९ फेब्रुवारी २०२६