बिनक्रमांकाचं इतिवृत्त

१४ नोव्हेंबर

प्रिय काटकोन,

तीस वर्षांनी तुला या नावाने हाक मारतेय. शेल्फवरचं प्रत्येक पुस्तक काटकोनात लावायचीस, म्हणून संघात सगळ्यांनी ठेवलेलं नाव. राग आला तर येऊ दे. तुझं पत्र मिळालं. गुडघे सोडले तर मी बरी आहे. सून चांगली आहे, म्हणजे बोलत नाही.

तू मागितलंस ते मिळणार नाही गं. ग्रंथपाल संघाचं त्या वर्षीचं इतिवृत्त, ज्यात तुझं लेखी निवेदन चिकटवलं होतं, ते रद्दीत गेलं. कार्यालय हलवताना नव्या सचिवबाईंनी कपाटं रिकामी केली. मी तावातावाने भांडायला गेले. "पन्नास वर्षं जिवापाड जपलेलं दप्तर, आणि तुम्ही वाट लावलीत!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, नियम तुमचाच. दाखल क्रमांक नसेल ते संग्रहातलं नाही. क्रमांकाचे सगळे खंड नीट नेलेत. बिनक्रमांकाचा एकच होता."

तशीच घरी आले.

बाकी सुवर्णमहोत्सवी इतिहासाचं काम जोरात आहे. पान सहावर अध्यक्षांचा फोटो, पान सातवरही त्यांचाच. हौसेला मोल नाही.

असो, असो करत किती लिहू? दप्तराला क्रमांक देण्याचं काम माझ्याकडे होतं. एक सोडून सगळ्या खंडांना दिले. तो हातात घेतला की नेमकं तुझं निवेदन उघडायचं. 'संघाची जुनी हस्तलिखितं गेली त्या आठवड्यात कपाटाची किल्ली माझ्याकडे नव्हती,' आणि किल्ली कुणाकडे होती, तर माझं नाव. खरं होतं ते. मीच ती हस्तलिखितं एका प्राध्यापकांना घरी वाचायला दिली, साधी पावतीही न घेता. त्यांनी परत केली नाहीत, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. चोरीचा आळ तुझ्यावर आला; तुझं सभासदत्व रद्द करायला हात वर झाले, त्यात पहिला माझा. पुढे तुला एकाही ग्रंथालयाने दारात उभं केलं नाही.

तो खंड मी फाडला नाही, जाळला नाही. ग्रंथपाल असं करत नाही ना! फक्त नोंदवला नाही. नोंदीत नसतं ते कुणी मागत नाही.

आणि तूही कमाल केलीस हं. एक कागद देऊन गप्प बसलीस. येऊन माझ्या झिंज्या उपटायच्या होत्यास! अजून चिडते मी तुझ्यावर. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

इतिहासात तुझ्यावर एकच ओळ आहे: 'वैयक्तिक कारणास्तव त्यांनी संघ सोडला.' मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली होती. 'वैयक्तिक'ची वेलांटी चुकली होती. तेवढी दुरुस्त केली आणि पानं परत पाठवली.

छपाई सोमवारी सुरू होतेय. अध्यक्षांना तीनदा फोन लावला, तिन्हीदा तब्येत विचारून ठेवला. माझ्याच्याने होत नाही. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. तू जा. त्यांच्या टेबलावर ठेव. माझं अक्षर तिथे सगळे ओळखतात. क्षमा मागत नाही, कारण मागितली तर तू देशील आणि घरी बसशील. तेवढं करू नकोस.

तुझी अपराधी,
माजी दप्तरप्रमुख, ग्रंथपाल संघ

(वर आधी 'मैत्रीण' लिहिलं होतं. खोडलंय, पण वाचता येईल.)