हन्नोकच्या वतीने

२९ सप्टेंबर १९५४, बुधवार

क्रिकेटची फायनल दसऱ्याला नाही. आदल्या दिवशी, सहा तारखेला. क्लबचे सेक्रेटरी धर्मराज ठाकूर आत्ता घरी येऊन सांगून गेले. उरणच्या संघानेही मान्य केलं. दोन्हीकडून खात्री झाल्यावरच माझ्या वर्तमानपत्राला बातमी टपालाने धाडली.

बातमीत कारण दिलं नाही, इथे लिहितो. यंदा दसऱ्याच्याच दिवशी बेने इस्राएलांचा, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंचा, किप्पूर आला आहे – दिवसभर कडक उपास, दिवसभर सिनेगॉगमध्ये. आणि हन्नोक वाकरूळकर नसेल तर पनवेलच्या संघात उरतं काय? इतके लांब टोले मारणारा फलंदाज जिल्ह्यात मी तरी दुसरा पाहिला नाही. पण शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तो खेळत नाही, त्यामुळे मोठ्या सामन्यांत कोणाच्या नजरेस पडला नाही. या वेळी मुंबईहून निवड समितीचे दिनानाथ सबनीस येणार आहेत. निवड झाली तर मुंबईच्या संघात जाणारा पनवेलचा पहिला. त्याच्या समाजातलाही बहुधा पहिलाच.

तारीख बदलायची कल्पना माझी. उरणला दोन खेपा घातल्या. हन्नोकला सांगायला गेलो तेव्हा तो घाण्यापाशी उभा होता, कोपरापर्यंत तेल. म्हणाला, “अण्णा, एवढं कशाला केलंत?”

संकोची मुलगा.

२ ऑक्टोबर, शनिवार

वाकरूळकरांचा घाणा बंद. हन्नोक दिसला नाही. सबनीसांचं येणं पक्कं – त्यांचं कार्ड आलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

घोटाळा केला आहे मी!

तेल आणायला गेलो होतो. हन्नोकच्या आई, रिबकाबाई, माप भरता भरता म्हणाल्या, “भाऊ, उद्याचा सामना किती वाजता संपतो?”

“होतील सहा.”

माप तसंच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आमचा दिवस आदल्या संध्याकाळीच लागतो, भाऊ. सूर्य बुडायच्या आत आंघोळ, जेवण, पांढरे कपडे. मग घराला कुलूप, नि सगळे सिनेगॉगमध्ये.”

इतकी वर्षं याच गावात राहतो. किप्पूर माहीत, उपास माहीत. आणि दिवस धरला आपला, सकाळपासूनचा!

“मग हन्नोक बोलला का नाही?”

“तुम्ही उरणपर्यंत जाऊन आलात. तो कुठल्या तोंडाने बोलणार?”

सेक्रेटरींना विचारलं, उरणकरांना विचारलं, सबनीसांना विचारलं. हन्नोकला विचारलं नाही. त्याला सांगितलं.

आता तारीख हलत नाही. संध्याकाळी तो भेटला. “साडेपाचला निघतो, अण्णा. तोवर होईल तेवढं करू.” माझीच समजूत घालत होता.

६ ऑक्टोबर, बुधवार

नाणेफेक हरलो. उरणने पहिली फलंदाजी घेतली, जेवणानंतरही खेळत राहिले. एकशे एकाहत्तर. म्हणजे हन्नोकची सगळी खेळी उतरत्या उन्हात.

बळीराम पाटील आमचा कप्तान, नेरे गावचा. तो वैतागला होता. “आर, सामना संपवून जा ना. देव काय पळून जातो काय?” हन्नोक पॅड बांधत राहिला. मग बळीरामच म्हणाला, “बरं, पयला तूच जा. आमी हाव मागं.”

दुसऱ्याच षटकात षटकार. चेंडू थेट खाडीकडच्या तिवरांत. लोक नाचले. शोधायला वेळ गेला. मग आणखी एक, त्याहून लांब. उरणची पोरं सावकाश चिखल तुडवत गेली, एकाने तर चप्पल धुवून घेतली. गर्दीतून कोणी ओरडलं, “होडी आना रं, होडी!” सगळे हसले. मी घड्याळ बघत होतो. हन्नोक सूर्य बघत होता.

तिसऱ्या षटकारानंतर त्याच्याही ध्यानात आलं – प्रत्येक टोला त्याचीच वेळ खातोय.

तिथून पुढे त्याने एकही चेंडू उचलला नाही. सगळं जमिनीवरून. फटीतून, कडेने, धावत दोन, धावत तीन. मागून टोमणे सुरू झाले. “काय रं, तेल संपलं काय?” सबनीस माझ्या शेजारी बसलेले. “हाच का तुमचा टोलेबाज?”

साडेपाचला हन्नोक त्र्याण्णववर. जिंकायला चौदा हव्या, तीन गडी शिल्लक. तो पंचांशी बोलला, उरणच्या कप्तानाला हात जोडले आणि चालू लागला. मैदान उठलं. “शतक टाकून पळाला!” “तेली तो तेलीच!” एकाने ढेकूळ फेकलं, ते त्याच्या पाठीवर फुटलं. त्याने वळून पाहिलं नाही. बळीराम बॅट घेऊन आत निघाला होता, तो थांबला. “त्याला कोन बोलला? पुढं या. माझ्याशी गाठ हाय.”

सहा धावांनी हरलो.

सबनीस निघताना म्हणाले, “उंच मारणारे ढीगभर बघितले. हातचा टोला सोडून जमिनीवरून खेळणारा आज बघितला. शनिवार-रविवार मुंबईत निवडचाचणी आहे. त्याला घेतो. उद्या संध्याकाळपर्यंत तारेने हो की नाही कळवा. नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे.”

शनिवार!

७ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आज हन्नोकशी बोलता येणार नाही. आज ते बाहेरच्या कोणाशी बोलत नाहीत, कोणाला शिवत नाहीत. दुपारी सिनेगॉगच्या समोर रस्त्यापलीकडे उभा राहिलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. हन्नोक एकदा दाराशी आला. नजरानजर झाली. त्याने मान खाली घातली आणि आत गेला.

उपास सुटणार तारे दिसल्यावर. तारघर सणामुळे पाचलाच बंद.

धर्मराजांना गाठलं. “शनिवारी? तो? पाच वर्षांत कधी आलाय?” बळीरामला विचारलं. “नाय येनार. कशाला त्याला भरीस घालता?” हन्नोकच्या घराशेजारचे किराणावाले म्हणाले, “त्यांच्याकडे शनिवारी चूलसुद्धा पेटत नाही.” तिघांचं एकच. तिघांनी सांगितलेली बातमी मी आजवर कधी अडवून ठेवलेली नाही.

सबनीसांकडे एक दिवस मागावा असं मनात आलं. पण मग नकार त्याला स्वतः द्यावा लागणार, आणि माझ्या भिडेने हा मुलगा पुन्हा गप्प बसणार. ते ओझं त्याच्यावर नको.

तार केली: वाकरूळकर शनिवारी खेळत नाहीत. आभार.

बाहेर आलो तेव्हा लोक सोनं वाटत होते. मलाही हलकं वाटलं. या वेळी तरी त्याचा धर्म ओळखून वागलो.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी ते स्नेह्यांकडे जातात. हन्नोक सकाळी पुऱ्यांचं ताट घेऊन आला. चाचणीचं त्याला बळीरामकडून वाटेतच कळलं होतं. ताट ठेवून म्हणाला, “तसाच मागे फिरून आईला विचारून आलो. तिचे वडील पलटणीत सुभेदार. ती म्हणाली, घाणा आपला आहे, तो बंद ठेवायचा. पलटण शनिवार बघत नाही, तेही हजर राहायचे. बोलावणं आलंय तर जा. मी येतो म्हणून कळवा, अण्णा.”

तारेचं सांगितलं. “मला विचारायचं होतंत,” तो एवढंच म्हणाला.

दुपारच्या एस.टी.ने दोघं निघतोय. आधी सूर्य बुडायच्या आत त्याला भायखळ्याला मावशीकडे सोडायचं, मग मी सबनीसांच्या दारात. जागा बहुतेक भरली असेल. उद्या सकाळी दहाला मैदानावर नावं वाचतील.