काचेच्या ऑफिसातून दगडूकाकांना

उत्तन,
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. दगडूकाका यांना रसिकाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

(शाळेत शिकवलं होतं की ‘तीर्थरूप’ फक्त आईवडिलांना लिहायचं, काकांना ‘तीर्थस्वरूप’. पण बाबा गेल्यानंतर माझ्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून सही तुमचीच आहे. तेव्हा बाईंनी मार्क कापायचे तर कापू देत.)

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्ही कसे आहात? नाशिकला थंडी पडली असेल. कानटोपी घालता ना? रीमाताई, जावईबापू आणि छोटी सान्वी मजेत ना? गुडघा कसा आहे? (गुडघ्याबद्दल मला पुढे लिहायचंच आहे, पण आधी रीतसर विचारते.) फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन बंद लागतो आणि रीमाताईला फोन केला की ती कणीक मळत असते आणि फोन स्पीकरवर टाकते. मागच्या रविवारी मी ‘काका आहेत का’ एवढंच विचारलं, तर जावईबापूंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी मला उत्तर दिलं. फक्त तुम्ही दिलं नाहीत. म्हणून पत्र. पाकीट मी डिंकाने दोनदा चिकटवणार आहे आणि वरून चिकटपट्टी लावणार आहे. उघडताना त्रास होईल, त्याबद्दल आधीच माफी मागते. बाकीची माफी पुढे येते आहे.

काका, सुरुवातीपासून सांगते, कारण तुमच्यासमोर उभं राहून सांगायची मला संधी मिळाली नाही आणि मिळाली असती तरी तोंड उघडलं नसतं. मला मच्छीमार सोसायटीत नोकरी लागली तेव्हा तुम्ही धक्क्यावर पेढे वाटलेत, आठवतं? घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता ऑफिसात खुर्चीवर बसणार. त्या खुर्चीवरून मला पहिल्या दिवशी काय दिसलं, तर चेअरमन धर्माजींच्या केबिनचं बंद दार. प्लायवूडचं, कडी तुटलेलं, आतून स्टूल लावून बंद करायचे ते. सकाळपासून माणसं यायची आणि म्हणायची, ‘धर्माजी, जरा दोन शब्द.’ मग स्टूल सरकल्याचा आवाज. दोन शब्दांना कधी पंधरा मिनिटं लागायची, कधी तास. बाहेर बाकावर लोक खोळंबलेले आणि आत गेलेल्याचं काम आधी व्हायचं. मला वाटायचं, हेच ते. आपल्या गावात जे काही वाकडं आहे ते सगळं या स्टुलाच्या पलीकडे घडतं. (थोडं घडतही होतं, काका. हे मी आजही मागे घेत नाही.)

त्यात सोसायटीने मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला मीरा रोडला पाठवलं. हॉल इतका गार होता की मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसले होते. तिथे एका सरांनी पडद्यावर परदेशातली ऑफिसं दाखवली. एक भिंत नाही, एक दार नाही, साहेब आणि शिपाई एकाच लांब टेबलावर. सर म्हणाले, भिंती माणसांना तोडतात. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांनी आपलं किती नुकसान केलं याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरात बसणार नाही.

तर मी धर्माजींच्या मागे लागून केबिन पाडून घेतली. रस्त्याकडची भिंतही पाडली आणि तिथे वरपासून खालपर्यंत काच लावली. उद्घाटनाला तुम्ही पहिल्या रांगेत होतात, त्यामुळे धर्माजी हार घालून वळले आणि थेट काचेवर आपटले, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यानंतरचं सांगते. नाकाला पट्टी लावून ते आठवडाभर बसले आणि कोणी पुन्हा आपटू नये म्हणून मासळीवाल्या बायकांनी काचेवर आपापल्या कपाळाच्या टिकल्या लावून टाकल्या. नंतर त्याच काचेत बघून त्या गजरे नीट करायला लागल्या. धर्माजींची दुपारची झोप गेली. एकदा ते डोळ्यांसमोर फाइल धरून झोपले, तर शाळेतून सुटलेली पोरं बाहेर उभी राहून त्यांच्या घोरण्याच्या तालावर टाळ्या वाजवत होती. (आवाज काचेतून ऐकू येत नव्हता, पोरांनी पोट वरखाली होताना बघून ताल धरला होता.) घरी फोन करायचा तर ते रस्ता ओलांडून बर्फाच्या गाडीमागे जायचे. आमच्या ऑफिसात चहा करणारी कार्मिन मावशी एकदा म्हणाली, ‘अगं, मी सकाळची बाजारात बसते ना, तिथं पन घास खाताना मासळीची पाटी आडवी लावून घेते. हितं तर पाटी पन न्हाय.’ मी हसले. मला वाटलं, सवय नाही लोकांना. होईल.

आणि झालीही होती, हे मला सांगू द्या. नंबर लावून कामं व्हायला लागली. बोटीच्या सवलतीच्या डिझेलच्या कागदासाठी कोणाला कोणाच्या पुढे घुसता येईना. लोक म्हणाले, पोरीने चांगलं केलं. तेवढ्यावर थांबले असते तर मी आज हे पत्र लिहीत नसते. पण माझ्या डोक्यात आलं की काच लावून फक्त डोळ्यांना दिसतं, कानांचं काय? म्हणून मी खुलं वाचन सुरू केलं. दर सोमवारी अकरा वाजता आलेला प्रत्येक अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. मी तो आधी उघडायचाही नाही, म्हणजे माझ्याकडूनही कोणाचं पुढेमागे व्हायला नको. आणि एकदा वाचायला घेतला की पूर्ण वाचायचा, अर्धा सोडायचा नाही. तिन्ही नियम माझेच. पहिल्या सोमवारी एकाने लिहिलं होतं की माझं ओळखपत्र सुक्या बोंबलांच्या गोणीत गेलं आणि गोणी कल्याणला. दुसऱ्याने लिहिलं होतं की शेजाऱ्याची मांजर माझ्याच बोटीवर चढते, याचा अर्थ तिला तसं शिकवलं आहे. लोक इतके हसले की पुढच्या सोमवारी शेंगा घेऊन आले. मी वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखी आवाज चढवून-उतरवून वाचत होते. माझं कौतुक होत होतं.

मग तिसरा सोमवार.

तुम्ही दारात चपला हातात घेऊन उभे होतात. (आत फरशी नवीन होती म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.) म्हणालात, ‘रसू, दोन शब्द बोलायचं व्हतं.’ आणि मी, काका, तुमच्याच खांद्यावर बसून जत्रा बघितलेली मी, तुम्हाला म्हणाले, ‘बोला ना काका, इथंच बोला. इथं सगळे आपलेच आहेत.’ तुम्ही आत बसलेल्या माणसांकडे बघितलंत. मग काचेबाहेर बोंबील निवडत बसलेल्या बायकांकडे. मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवलात आणि मागच्या खुर्चीवर बसलात. मला वाटलं, गुडघा. बोटीचे तांडेल तुम्ही, सुकाणूवरचा माणूस, पण दोन महिने बोटीवर गेला नव्हतात, सगळ्यांना गुडघ्याचं माहीत होतं. गुडघ्याचा अर्ज असेल.

पेन्सिलने लिहिलं होतं. तुमचं अक्षर मला चौथीपासून ओळखीचं आहे.

‘गणपतीनंतरच्या वादळापासून मला पाण्याची भीती वाटते. बोट धक्क्यावरून सुटली की हात कापतात. सुकाणू धरता येत नाही. सात पोरांचा जीव तांडेलाच्या हातात असतो. तरी माझं नाव काढून तांडेल म्हणून आमच्याच बोटीवरच्या अल्पेशचं घालावं. गुडघ्याचं खोटं आहे.’

काका, हे मला लिहायलाच हवं, कारण गावात सगळे म्हणतात की बिचारीला आधी कुठे माहीत होतं. मला पहिल्या ओळीला माहीत झालं होतं. तोंडातून ‘भीती वाटते’ निघालं तेव्हाच सगळं कळलं होतं आणि पुढे पाच वाक्यं बाकी होती. खोकला काढता आला असता. कागद खाली पाडता आला असता. पण अर्धा अर्ज सोडायचा नाही असा माझा नियम होता, आणि मी शेवटपर्यंत वाचलं. आवाज चढवून-उतरवून.

मागे कोणीतरी हसलं. वाईट मनाने नाही, मला वाटतं, तिसऱ्या सोमवारी हसायची सवय झाली होती म्हणून. तुम्ही उठलात, दारात जाऊन चपला घातल्यात, डावी आधी, मग उजवी, आणि गेलात. पूर्वीची भिंत असती तर दारातून बाहेर पडताच तुम्ही आमच्या नजरेतून सुटला असतात. काचेतून तुम्ही वळणापर्यंत दिसत राहिलात. आम्ही सगळे बघत राहिलो. कोणालाच मान वळवायचं सुचलं नाही. आणि गुडघा अजिबात दुखत नसल्यासारखे तुम्ही चालत होतात, कारण आता लंगडायचं कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने तुम्ही रीमाताईकडे गेलात. लक्ष्मीकाकीकडे गेले तर ती कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, ‘तुजी काच लय भारी हाय. आरपार दिसतं. समोरचा मानूस मातर दिसत न्हाय तुला.’ मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने माझ्यापुढे कोळंबीचं दुसरं टोपलं सरकवलं, म्हणजे निदान हाकललं नाही असं मी धरते.

आता जे लिहिते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी एक तांडेल ऑफिसात आला आणि म्हणाला, बर्फाच्या खोलीत लाद्या फुटल्यात, जरा बघून घे. मी गेले. एकही लादी फुटलेली नव्हती. त्याने ते जाड दार आतून ओढून घेतलं आणि बर्फाकडे तोंड करून बोलायला लागला. वीस मिनिटं बोलला, त्या वादळाबद्दलच. दोन दिवसांनी दुसरा आला, तेच लाद्यांचं कारण घेऊन. मग तिसरा. एक बाईसुद्धा आली, तिचं वेगळं होतं. आपल्या सगळ्या सोसायटीत मी जिथे आतून ओढून घ्यायचं दार शिल्लक ठेवलं अशी ती एकच जागा होती, आणि तेही शहाणपणाने नव्हे तर बर्फ वितळेल म्हणून. आता मी टेबलाच्या खणात स्वेटर आणि मोजे ठेवते. गावात बोलतात की एवढ्या लाद्या फुटतात कशा, पोरगी बघते तरी काय. खोकला झाला म्हणून भाईंदरला डॉक्टरकडे गेले, तर ते म्हणाले, बाहेर घामाच्या धारा आणि तुमची छाती गारठलेली, तुम्ही काम काय करता? मी म्हटलं, ऑफिसात आहे, मोकळ्या हवेच्या.

कोण कोण आलं, ते विचारू नका. तुम्हालाही सांगणार नाही. एवढं तरी शिकले.

खुलं वाचन मी बंद केलं. नंबराची रांग ठेवली, काचही ठेवली, कारण काचेने कोणाचं वाईट केलं नव्हतं, मी केलं. पण धर्माजींना सांगितलं की मागच्या कोपऱ्यात एक छोटी खोली पाहिजे. ते इतके पटकन हो म्हणाले की यांनाही काही सांगायचं आहे का म्हणून मी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं, मग स्वतःला आवरलं. बबन सुतार माप घ्यायला आला. त्याने विचारलं, केबिन कुणाची? पाटी काय लावू? मी म्हटलं, कुणाचीच नाही, पाटी नको, कडी मात्र आतून आणि चांगली. तो म्हणाला, ‘ताई, सा महिन्यांपूर्वी हितलीच केबिन तुम्ही माज्याकडून तोडून घेतली.’ मी म्हटलं, हो. त्याने कानामागची पेन्सिल काढून माप लिहून घेतलं. भला माणूस आहे.

कागदावर आता तांडेल म्हणून अल्पेशचं नाव आहे. परवा तो पहिल्यांदा घेऊन गेला बोट, आणि सातही पोरं परत आली. तुमचं नाव काढताना रजिस्टरात कारणाचा रकाना होता. मी तो रिकामा ठेवला आहे. वरिष्ठांनी विचारलं तर उत्तर मी देईन.

रीमाताईला आणि जावईबापूंना नमस्कार, सान्वीला गोड पापा. तुमची माफी मागावी असं एकही वाक्य मला चांगलं जमलेलं नाही, तेव्हा एवढं लांब जे लिहिलं तेच एक वाक्य समजा.

तुमची,
रसू

ता. क. – एक महत्त्वाचं राहिलं. नाव बदलण्याच्या फॉर्मवर तुमची सही लागते आणि नियमाप्रमाणे ती स्वतः येऊन करावी लागते. पोस्टाने चालत नाही. महिनाअखेरपर्यंत यावं.

ता. क. २ – वरचं खोटं आहे. सही लागत नाही, काम केव्हाच झालं. मला फक्त तुम्ही यायला हवे आहात आणि मला सरळ सांगायला जमत नव्हतं. पण हे खरं आहे: बर्फाच्या खोलीत येणारे सगळे शेवटी दार उघडायच्या आधी मला एकच विचारतात, ‘दगडू कवा येतोय?’ तेवीस वर्षांच्या पोरीशी त्यांना बोलायचं नाही काका, नाइलाज म्हणून बोलतात. त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे. नवीन खोलीत मी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत आणि त्यातली एकही माझ्यासाठी नाही. तुम्ही येणार त्या दिवशी मला बस-स्टॉपवर बघायची इच्छा नसेल तर काकीला कळवा, मी घरात बसेन.

ता. क. ३ – हे पत्र सान्वीला मोठ्याने वाचायला देऊ नका. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत तसंच राहू द्या. कितीही दिवस लागले तरी चालतील. मी थांबते.