स्प्रिंगांतली खरखर

सोमवार, ४ तारीख
आज कामावर रुजू झाले. दुकान लहान, पण उजेड भरपूर. खाली विक्री, वर खिडकीला लागून माझं दुरुस्तीचं टेबल. दादाने सामानाच्या तीन खेपा केल्या आणि रोज फोनवर बोलायचं कबूल करून घेतलं. दुकानाचे मालक गप्पिष्ट. म्हणाले, इथली बिघडलेली वाद्यंसुद्धा माझ्या बडबडीला कंटाळलीत, बरं झालं तुम्ही आलात. पहिलं काम लगेच हातात: गिटारचा जुना अ‍ॅम्प. आवाजाला घुमारा देणारं रिव्हर्बचं बटण फिरवलं की खरखर. एका बाईंचा आहे. नवरा वारला, आता मुलगी वाजवायला शिकतेय.

मंगळवार, ५
रिव्हर्ब शून्यावर ठेवला की खरखर बंद. म्हणजे दोष घुमाऱ्यातच. तळाची पत्र्याची पेटी काढली. आत तीन बारीक स्प्रिंगा. आवाज त्यांच्यातून थरथरत जातो आणि लांबतो. वायरीचा जोड सुटला होता, सोल्डर केला. खरखरीसोबतची बारीक गुणगुण गेली, खरखर राहिली. दुसरी पेटी जोडली तर एकदम स्वच्छ. सुटले, असं वाटलं. पण बाईंनी फोनवर सांगितलं, पेटी तीच हवी, यांनी स्वतः बसवलेली आहे.

बुधवार, ६
सकाळभर कान लावून बसले. खरखरीच्या मागे कुणीतरी घसा खाकरतं. पुरुष. मग मोजतो, एक दोन तीन चार, गाणं उचलण्याआधी मोजतात तसं. रेडिओ पकडत असेल म्हणून पेटीला पत्रा गुंडाळला. फरक नाही. पत्र्यावर टिचकी मारली, हॅलो म्हटलं. स्प्रिंगांनी ते घेतलं आणि परत दिलंच नाही.

शुक्रवार, ८
मालक आज दोनदा दचकले. म्हणाले, मांजरीच्या पावलांनी येता तुम्ही. या जिन्याची लाकडं सगळ्यांच्या पायाखाली करकरतात. माझ्या नाही. वर आले तर पेटीत करकर ऐकू आली. मोजली, चौदा. जिन्याला पायऱ्याही चौदाच.

शनिवार, ९
बाई आल्या. यजमान कसे गेले, ते विचारलं. शेवटचे पंधरा दिवस ते या खरखरीच्या मागे लागले होते, म्हणाल्या. घरात कुणाशी शब्द नाही. बाईंना वाटलं, अबोला धरलाय. मग त्याही हट्टाला पेटल्या. एका दुपारी ते अ‍ॅम्पपाशी पडलेले सापडले. बाई शेजारच्याच खोलीत होत्या, दार उघडं होतं. हाक मारली असती तर ऐकू आली नसती का, असं त्या मलाच विचारत होत्या.
मी त्यांना धीर दिला. निदान मला तसं वाटलं. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोला ना, काही कळत नाहीये."

सोमवार, ११
प्लग काढलाय. तरी पेटी चालूच.
हातोडी टेबलावर आपटली. इथे काही नाही. पेटीत ठण्ण.
मालकांना कागदावर लिहून दाखवलं, माझा आवाज जातोय. घसा बसलाय समजून त्यांनी गरम पाणी आणून दिलं. घरी जा म्हणाले. गेले नाही. हे असंच सोडून गेले तर काय काय आत जाईल—

मंगळवार, १२
पक्कड घेतली. एक स्प्रिंग तोडली. छातीत कळ. बसले.
उरलेल्या दोन—
मालक खालीच आहेत. हाका मारल्या. ते गिऱ्हाइकाशी हसतायत.
दादाचा फोन. तो हॅलो हॅलो करतोय. मी बोलतेय, दादा, मी बोलतेय. त्याला नाही. पेटीतून मात्र स्पष्ट, माझाच आवाज, दादा दादा—
फोन पेटीवर धरला.
ऐकलं त्याने. रडू नको म्हणतोय, निघालोच म्हणतोय. आणि विचारतोय, तुझ्या शेजारी बसून कोण मोज—