आमचं कपाळ बंद पडलं त्याची हकीकत

वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला बरं पडतं, कंबर मध्ये बोलत नाही.) गुडघा कसा आहे? मागे फोनवर तुम्ही म्हणालात की गुडघा हल्ली कुरकुरत नाही, म्हणजे कुरकुरायचं सगळं काम तुम्ही एकटीनंच अंगावर घेतलंय असं मी धरून चालते. राग मानू नका. मानलात तरी तो माझ्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागतील.

आमच्या गावच्या शाळेत एकच खोली अन् एकच मास्तर. त्यांनी पत्र लिहायला शिकवलं ते एवढंच, की आधी समोरच्याची खुशाली विचारावी, मग आपली सांगावी आणि काय मागायचं असेल ते अगदी शेवटी मागावं. तर तुमची विचारून झाली. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त कपाळ बंद आहे.

घाबरू नका, पडले-बिडले नाही. सविस्तर सांगते. आपल्या घरात दोन कपाळं चालतात, एक तुमचं अन् एक माझं. तुमचे बंधू होते तेव्हा सकाळी खिडकीबाहेर बघायचेच नाहीत, माझ्या कपाळाकडे बघून छत्री घ्यायची की नाही ते ठरवायचे. (एकदाही भिजले नाहीत.) लेक एवढा साहेब झाला, हाताखाली माणसं आहेत, पण घरात पडदे कुठले लावायचे ते बायकोला विचारत नाही, माझ्या आठ्या मोजतो. आणि आता आपल्या नातीचं, भिंगरीचं लग्न येऊन अडलंय ते याच दोन कपाळांवर. पहिला मुलगा आला तो बसल्या बसल्या बोटं मोडत होता. मी अक्षर बोलले नाही, नुसत्या दोन आठ्या घातल्या, तर चहाला उकळी यायच्या आत लेकानं त्याला जिन्यापर्यंत पोचवूनसुद्धा दिलं. दुसरा तुमच्याकडे आला. तुम्ही तर आठीही खर्च केली नाही, फक्त डावी भुवई उचललीत, आणि तो चपला हातात घेऊनच पळाला म्हणे. त्या दिवशी आपली नात जेवली नाही. म्हणाली, आजी, आता तिसरा आणीन तो मला आवडलेलाच आणीन, आणि त्यालाही तुम्ही दोघींनी पळवलात तर मला लग्नच करायचं नाही. ही पोर एरवी हसल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही. हे न हसता बोलली.

तर ही भिंगरी ज्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे पुढच्या टेबलावर बसते ना, तिथून एक दिवस गोड गोड होत घरी आली. म्हणाली, आजी, तू प्रत्येक फोटोत कुणाला तरी झापत असल्यासारखी दिसतेस. आमच्या बाई कपाळावरच्या सुरकुत्यांचं इंजेक्शन देतात, मुंगी चावल्यासारखं वाटतं, बास. मी म्हटलं, या वयात मुद्दाम मुंग्या चावून घ्यायला जाऊ होय? पण वन्सं, खरं सांगते, तोंड नाही म्हणायच्या आधी मन हो म्हणून बसलं होतं. तुमचे बंधू गेले म्हणून मी काही आरसा बघायचा सोडला नाही. फक्त आरशातून वळून "कशी दिसते?" असं विचारायला कुणी उरलं नाही.

गेले. बाहेर बाकावर बायका बसलेल्या, सगळ्यांची तोंडं इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी. कोण रागावलंय, कोण कंटाळलंय, काही पत्ता लागेना. डॉक्टरीणबाईंचं कपाळ तर असं गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून नाकावर यावी. हातात पेन घेऊन मला म्हणाल्या, आजी, रागावून दाखवा. मी विचारलं, कुणावर? म्हणाल्या, कुणावरही. मी तुमची आठवण काढली. बाई म्हणाल्या, बास बास, एवढं नको, टिंबं काढायला जागा उरत नाही. मग म्हणाल्या, आता फार आश्चर्य वाटल्यासारखं करा. तेव्हा तुम्ही माझं कौतुक करताय असं मी मनात आणलं. भुवया थेट केसांत गेल्या.

टोचलं. मुंगी नव्हती, मुंगळा होता, पण जाऊ द्या. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं. मी आपल्याच घरात पाहुणीसारखी ताठ बसून राहिले. पुढे आठवड्याभरात एका सकाळी रागवायला गेले तर कपाळ हलेचना! झालं असं, की सुनेनं माझं कपाट न विचारता खिडकीपाशी सरकवलं होतं. मी आठी घातली, म्हणजे आतून घातली, बाहेर काही आलंच नाही. सून म्हणाली, बरं झालं बाई, मला वाटलं तुम्हाला आवडतंय की नाही. कपाट अजून तिथंच आहे. मग मी दवंडी पिटावी तसं तोंडानं सांगायला लागले, ऐका हो, मला राग आलाय. तर सगळे खो-खो हसायचे. लेक म्हणतो, आई, तू हल्ली किती शांत झालीस! मी म्हटलं, मी नाही रे बाबा, फक्त दर्शनी भाग शांत झालाय.

त्यात आणखी एक गंमत, म्हणजे दुसऱ्यांना गंमत. मधलं कपाळ झोपलं, पण भुवयांची बाहेरची टोकं वर उडाली. शेजारणीची सासू वारली म्हणून भेटायला गेले, तर चेहरा असा की मला आत्ताच सोडतीत घर लागलंय. शेजारीण रडता रडता थांबली आणि हळूच म्हणाली, बांगड्या माझ्या वाट्याला आल्या हे तुम्हाला कुणी सांगितलं?

अशा अवस्थेत मी असताना भिंगरीनं तिसरा मुलगा घरी आणला. उंच आहे, पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. दातांच्या कवळ्या बनवतो. लेकाचं तोंड आधीच कडू झालं होतं, कारण त्याला खुर्चीवर बसून सह्या करणारा जावई हवा होता. पोरगा आला, बसला, आणि बसल्यापासून माझ्या तोंडाकडे बघतोय. डोळ्यांकडे नाही, कपाळाकडे नाही, तोंडाकडे. आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "आजी, खालची कवळी सैल आहे का हो?"

लेकाचा कप हवेतच राहिला. सून, लेक, दोघांनी एकदम माझ्या कपाळाकडे बघितलं. मीही सगळा जोर लावून आठी घातली, तुमचे बंधू असते तर दोन छत्र्या घेऊन निघाले असते. पण बाहेर काय दिसलं? सपाट कपाळ आणि आनंदानं उडालेल्या भुवया. लेक सुनेला म्हणतो, आईला पसंत पडलेला दिसतोय! तेवढ्यात माझी नजर भिंगरीकडे गेली. ती एकटी माझ्या कपाळाकडे बघत नव्हती. खाली मान घालून गालातल्या गालात हसत होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या कार्टीला माझ्या सुरकुत्यांचं काडीचं पडलं नव्हतं. हिनं आधी माझं कपाळ बंद पाडलं आणि मग पोरगा आणला! मला राग यायला हवा होता. आला पण. आणि त्याच्या मागोमाग असं वाटलं, की पोर नक्की माझीच आहे, हिच्यात तिच्या बापाचं काही उतरलेलं नाही.

आता कपाळानं हाकलता येईना म्हटल्यावर तोंड उघडावं लागलं. मी विचारलं, काय रे, दातांवर पोट भरतं का? म्हणाला, "आजी, जगात कुणाचं दुसऱ्या कशावर भरतं?" बरं, पुढे ऐका. एका म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं होतं म्हणे, की पुढचे दात वाकडेच बसव, सरळ बसवलेस तर बायको घरात घेणार नाही. तो म्हातारा शीळ घालत कसा बोलायचा ते या पोरानं करून दाखवलं, आणि वन्सं, मी अशी हसले, अशी हसले, की खालची कवळी निसटून चहात पडली. पोरानं चमच्यानं काढली, नळाखाली धुतली, उजेडात धरून उलटीपालटी केली आणि कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "आजी, ही मीच केलीय. शिकत होतो तेव्हाची. आत हे टिंब आहे ना, ती माझी खूण. तुम्ही इतके दिवस कसं जेवलात हो?"

दुसरा कुणी असता तर सासरच्या मंडळींसमोर गपचूप बसला असता. मला तो तिथंच पसंत पडला. पण सांगू कशी? कवळी त्याच्या हातात, म्हणून बोलता येईना. कपाळ बंद, म्हणून दाखवता येईना. बाईमाणसानं होकार द्यायचा तरी कशानं? शेवटी त्याचा कान धरला आणि ओढून माझ्याशेजारी बसवला. (पहिल्या मुलाच्या बाबतीत माझं चुकलं असं मात्र म्हणत नाही हां. तो बोटं मोडणारा होताच बावळट.)

आता लेक म्हणतो, आईचं झालं, पण आत्या काय म्हणते ते बघू. म्हणजे पोरीचं सगळं आता तुमच्या डाव्या भुवईवर आहे. मी काही सुचवत नाही, तुम्ही मोठ्या आहात. पोराला तुमच्याकडे कधी पाठवायचं ते सावकाश कळवा. तब्येतीला जपा, गुडघ्याला विचारलंय म्हणून सांगा.

तुमची भावजय
(कपाळ सोडून बाकी सगळी चालू)

ता. क. मास्तरांनी शेवटी मागायला सांगितलं होतं ते आता मागते. तो यायच्या आधी तुम्ही पण ते इंजेक्शन घ्या ना! डॉक्टरीणबाईंना मी विचारून ठेवलंय. त्यांना तुमचा फोटो दाखवला, तर म्हणाल्या, येऊ द्या, पण सकाळी लवकर येऊ द्या.

आणखी एक. तुम्ही सुईला घाबरता आणि कबूल करत नाही, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. म्हणून बिनसुईचा इलाज केला, एवढं लांबलचक पत्र लिहिलं. हे घेऊन आलेला जो उंच माणूस उत्तर न्यायचंय म्हणून दारात खोळंबलाय, तो कुरिअरवाला नाही. तोच आहे. वाचताना तुम्ही कितीदा हसलात ते त्यानं बघितलंय, तेव्हा आता भुवई उचलून काही उपयोग नाही. आत बोलवा त्याला. आणि जिन्यात डोकावून हाक मारा. भिंगरी खाली कान देऊन उभी आहे, तुमचं हसू ऐकू आलं असेल तर निम्मा जिना चढलीही असेल.