माझी उशी आणि ह्यांची गोदू

९ जानेवारी १९५५, रविवार

आजही आली! गोदू. ह्यांच्या हाताखाली भूल द्यायला शिकणारी नवी डॉक्टरीण. आठवडाभर उल्हासनगरला कॅम्प पाचच्या हॉस्पिटलात दोघं बरोबर असतात, ते पुरत नाही. म्हणून रविवारी अंबरनाथहून इथे हेंद्रेपाड्यात आमच्या घरी शिकवणी!

आणि पेशंट कोण, तर माझी उशी. रुखवतातली, मोर मी स्वतः भरलेले. तिच्यावर तारेची जाळी, जाळीवर फडकं, आणि बाटलीतून थेंब थेंब सोडायचे. ईथरच्या जागी पाणी. बाईचा हात कापतो, थेंब भराभर पडतात. हे म्हणतात, "घाई नको. मी आहे."

काय तो आवाज! मी स्वयंपाकघरात पोळी लाटायची थांबले. नऊ वर्षं संसार केला, मला हा आवाज कधी मिळाला नाही. माझ्या वाट्याला एकच — "लक्ष कुठे असतं तुझं?"

१० जानेवारी

उशी अजून ओली आहे.

१४ जानेवारी

तिळगूळ द्यायला गोदू आली. मी हातावर ठेवला, गोड बोल म्हणाले नाही.

हे हसत हसत सांगत होते, वॉर्डातली एक सिंधी म्हातारी म्हणाली, "साईं, आपकी घरवाली बहुत अच्छी डाक्टर है." गोदूला! मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? म्हणे, "काय म्हणणार, घाईत होतो." तिच्याशी बोलताना बरी घाई नसते!

२३ जानेवारी

आज कहर झाला. भुलीत श्वास अडू नये म्हणून जबडा उचलून धरायचा असतो. उशीला जबडा नसतो, म्हणून हे म्हणाले, "तू जरा आडवी हो." मी, कामं टाकून, दिवाणावर आडवी! गोदूने दोन बोटांनी जबडा वर उचलला. बोटं थंडगार.

"छान! अगदी छान!" हे म्हणाले. माझा जबडा, आणि छान ती. डोळे मिटून पडून राहिले. उघडले असते तर रडू दिसलं असतं.

मग पुन्हा थेंब, पुन्हा तेच — "घाई नको. मी आहे." मला आता पाठ झालंय.

२७ जानेवारी

पोटात उजवीकडे कालपासून कळ. ह्यांनी दाबून पाहिलं आणि चेहरा उतरला. अपेंडिक्स. उद्या सकाळीच ऑपरेशन.

"भूल गोदू देईल," म्हणाले.

"तुम्ही का नाही?"

"माझ्याच्याने नाही होणार." एवढं बोलून उठून गेले.

साऱ्या उल्हासनगरला देता येते. बायकोलाच नाही! जीव जायची वेळ आली तरी मला तिच्याच हाती द्यायचं!

१ फेब्रुवारी

जगले. टाके ओढतात, लिहवत नाही.

आठवतं ते एवढंच. उशाशी गोदूचा उलटा चेहरा, ओठ दातांत धरलेला. तो उग्र वास. थेंब भराभर पडत होते, मला कळत होतं. ह्यांनी माझं मनगट धरलेलं. आता हे तिला ते म्हणतील, म्हणून मी वाट पाहत होते. मरतानाही मला तेच ऐकावं लागणार! पुढचं काही आठवत नाही.

हे येतात, बसतात, नाडी बघून जातात.

३ फेब्रुवारी

दुपारी गोदू एकटीच आली. खाटेच्या कडेला बसली आणि एकदम रडू लागली.

"वहिनी, माझा हात थांबेचना. सरांकडे पाहिलं, तर ते रडत होते. तोंडातून शब्द फुटेना त्यांच्या. मग तुम्हीच म्हणालात ना, जाळीखालून."

"काय म्हणाले मी?"

"'घाई नको. मी आहे.' मग हात थांबला."

तिला म्हटलं, रविवारी ये. उशी वाळली आहे.