गाडीवरची लाल पाटी

मंडणगड,
१८ नोव्हेंबर २०२४

संदेश भावोजींस,
दमयंतीचा नमस्कार. इकडे भात झोडून झालं. सासूबाईंचा गुडघा दुखतोच आहे, पण जेवण बरं आहे. रत्नागिरीत तुम्ही, वेदिका आणि मुलं मजेत असाल. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा तुम्ही मंडणगडात येऊन गेलात, ते मला रिक्षावाल्या धोंडूकडून कळलं. स्टँडवर तुमच्या गाडीने त्याची रिक्षा चेपली. त्याचा हात मोडला. खाली उतरून तुम्ही त्यालाच शिव्या दिल्यात. पोलीस आला, तर नंबराखालच्या लाल पाटीवर बोट ठेवून म्हणालात, "वाचता येतं ना? माजी सैनिक!" त्याने तुम्हाला सॅल्यूट ठोकला आणि धोंडूला म्हणाला, "काका, फौजी माणूस आहे, मिटवून टाका."

कुठल्या फौजेत होतात, भावोजी? शाळेत कवायतीला ऊन लागतं म्हणून पोटदुखीचं सोंग करणारे तुम्ही.

तुमचे दादा बर्फात पायाची दोन बोटं गमावून आले. पण त्यांनी मोटारसायकलवर कधी काही लिहिलं नाही. मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "नंबर आहे तेवढा पुरे. पोलिसाने अडवलं तर थांबायचं."

त्यांचं तेरावं झालं आणि तुम्ही ही पाटी लावलीत. "दादाची आठवण," म्हणालात. तीही त्याच गाडीवर!

गौरीविसर्जनाच्या दुपारी दादांच्या छातीत कळ आली, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तुम्ही गणपतीला घरी आला होतात आणि ही गाडी अंगणातच उभी होती. सासूबाई विसर्जनाला नदीवर गेलेल्या. मी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, सीट कव्हरं नवी आहेत. जरा रिक्षा बघा ना." खाटेवरून दादांनी ते ऐकलं. मी पुन्हा बोलायला गेले, तर त्यांनी हातानेच मला नको म्हटलं. भावासमोर हात पसरायचा नव्हता त्यांना.

धोंडू ताटावरून उठून आला. दवाखाना यायच्या आत, त्याच्या रिक्षात, माझ्या मांडीवर दादा गेले. मागून तुम्ही आलात. गाडी घेऊन.

हे मी कुणापाशी बोलले नव्हते. काल धोंडूबरोबर पोलीस ठाण्यात गेले आणि साहेबांना सांगितलं, "त्या गाडीत सैनिक नव्हता. आमच्या घरात एकच होता, तो वारला." धोंडूची तक्रार घेतली, माझा जबाबही घेतला. तुम्हाला बोलावणं येईल.

घरी आले तर सासूबाई चिडल्या. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला नेलीस?" मग मी त्यांना सीट कव्हरांचं सांगितलं. रात्री त्या जेवल्या नाहीत. आज सकाळी म्हणाल्या, "त्याला लिही, ती पाटी उतरव. आणि पाटी उतरवलीस तरी ती गाडी माझ्या दारात आणू नकोस."

त्यांचा निरोप पोचवला. माझं म्हणाल, तर यापुढे मला वहिनी म्हणून हाक मारू नका.

नायक महिपत शिगवण यांची पत्नी,
दमयंती